कितवा निळा?

४ नोव्हेंबर

बबडीस,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते. पत्र पंपवाल्या काकांच्या हाती देतेय. फोन तू उचलत नाहीस, आणि तू आता राहतेस त्या क्वार्टरच्या दारात येऊन तमाशा करायचं माझं वय राहिलं नाही.

तुझा कागद साहेबांनी मला वाचून दाखवला. 'ताईला रंग नीट दिसत नाहीत. सिलिकेटचे आकडे ती कित्येक सोमवार अंदाजाने लिहीत आहे. पोवळ्याची टाकी त्यामुळेच गेली.' सव्वीस वर्षं मी त्या मत्स्यालयाचं पाणी तपासलं आणि तू मला तीन वाक्यांत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलंस. अक्षर मात्र छान आलंय म्हणे. साहेबांनी मुद्दाम सांगितलं. येणारच, पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं.

मला दिसतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, बास. या वयात कोणाचा वाढत नाही? तेवढ्यावरून कोणी टाकी मारत नाही.

आणि टाकी कोणाची गेली गं? तुझी? तू येण्याआधी सहा वर्षं ते पोवळं मी वाढवलंय. आलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं. गेलं तेव्हा सुपाएवढं होतं. त्याच्यावर ते तपकिरी शेवाळ चढताना बघून मी घरी येऊन जेवले नव्हते, हे तू पाहिलंस. समोर बसून तूच म्हणालीस, 'ताई, दोन घास तरी खा.' त्याच्या तिसऱ्या दिवशी तू साहेबांना कागद दिलास. मला वरण वाढताना तुझ्या डोक्यात ती वाक्यं तयार होती का, एवढंच सांग.

मला तपासणीच्या टेबलावरून उठवलंय. सध्या रजेवर आहे. तिथे कोण बसतंय, ते काकांनी सांगितलं. स्टूल एका पायाने डगमगतं, खाली पुठ्ठा घाल. पडशील.

ताई


८ नोव्हेंबर

बबडे,

काकांनी सांगितलं, पत्र तू घेतलंस, वाचलंस, घडी घातलीस आणि एप्रनच्या खिशात ठेवलंस. काका म्हणाले, 'बाई, भिंतीशी बोललो असतो तर भिंत तरी हूं म्हणाली असती.'

मागच्या पत्रात चष्म्याचं लिहिलं ते खोटं होतं. तुलाच खोटं लिहून काय उपयोग, तुला सगळं माहीत आहे. पण ते कागदावर उमटवायला माझा हात धजला नाही. आता लिहिते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भिंग पिवळं पडतं आणि आधी निळा जातो. सात रंगांतला नेमका तोच जायला हवा होता का? मी त्यांना म्हटलं, लाल घ्या, हिरवा घ्या, माझं पोट निळ्यावर आहे. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

जुलैतला तो सोमवार आठव. पोवळ्याच्या टाकीची कुपी आणि मत्स्यालयाच्या दारातल्या तळ्याची कुपी, दोन्ही मी सहा निळ्या छटांच्या पट्टीवर धरल्या आणि दोन्ही सारख्याच दिसल्या. तळ्यात साधं नळाचं पाणी. तिथे सिलिकेट भरपूर असतं, तिथल्या माशांना त्याचं काही सोयरसुतक नाही. पोवळ्याच्या टाकीत ते नावापुरतंही नको, त्यावरच ते तपकिरी शेवाळ पोसतं. त्या दोन कुप्या सारख्या दिसणं म्हणजे एक तर जग बुडालं, नाहीतर माझे डोळे. मी तुला हाक मारली. 'बबडे, ही कितवी?' तू म्हणालीस, 'ही दुसरी, ती पाचवी. ताई, तुला दिसत नाहीये?'

तेव्हा मी तुझा हात धरला. कोणाला सांगू नको म्हटलं. तू म्हणालीस, 'मी आहे ना.'

तेव्हापासून दर सोमवारी मीच पाणी घ्यायचे, मीच थेंब मोजायचे. पहिल्या औषधाचे सहा, पाच मिनिटं थांबायचं, दुसऱ्याचे सहा, पुन्हा पाच, मग ती अर्धा चमचा पूड आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. त्यात एका सेकंदाची चूक केली नाही मी. फक्त शेवटी पट्टीवर कुपी धरायची आणि विचारायचं, कितवा निळा? तू सांगायचीस, मी लिहायचे. आणि 'वाचणारा' या रकान्यात सही माझी. ती सही खोटी होती, ते मला मान्य आहे. चार महिने दर सोमवारी मी खोटी सही केली.

ऑपरेशन कर, असं तू दोनदा म्हणालीस, तेही मान्य. मी घाबरले. टेबलावरून एकदा उठलं की पुन्हा बसायला मिळत नाही, हे मी तिथे दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. मला तिथूनच निवृत्त व्हायचंय, तिकीट खिडकीवरून नाही. माझं एवढंच मागणं आहे, दुसरं काही नाही.

पण 'अंदाजाने' हा शब्द तू कसा लिहिलास? मी अंदाज कधी केला? मी तुला विचारत होते! या अख्ख्या जगात हे दोघींनाच ठाऊक होतं. मला दिसत नाही हे लिहिलंस, ते खरं आहे, लिही. पण ताईला मी रंग सांगत होते, हे का गाळलंस?

अठ्ठावीस तारखेला साहेबांकडे बैठक आहे. मला टेबल परत द्यायचं की कायमचं खिडकीवर बसवायचं, ते त्या दिवशी ठरेल. तू एक ओळ लिहून दे. 'वाचन मी करत होते, ताई अंदाज करत नव्हती.' एवढंच. तुझ्यावर काही येणार नाही. तू बरोबरच वाचत होतीस ना?

परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. थंडी पडायला लागली आहे. तू गेल्या वर्षी आणलेला तो राखाडी स्वेटर काढून ठेवलाय. तू निळा म्हणतेस तो. माझ्या दृष्टीने तो राखाडीच.

ताई


१३ नोव्हेंबर

बबडे,

डोळ्याची पट्टी निघाली!

काय सांगू तुला. न्हाणीघरातली बादली निळी आहे. मी इतके दिवस तिला हिरवी समजून घासत होते. समोरच्या इमारतीचे पत्रे निळे. औषधाच्या गोळीचं वेष्टन निळं. मी खिडकीत बसून एकेक गोष्ट मोजत होते, आणि काका म्हणाले, 'बाई, आता पुरे, डोळ्याला ताण पडेल.' दवाखान्यात काका थांबले होते. तू येशील म्हणून मी दाराकडे बघत होते. एका डोळ्याने बघत होते, पण बघत होते.

जाऊ दे. आज मला भांडायचं नाही.

घरी माझा जुना तपासणीचा संच आहे, त्यातली पट्टी काढली. सहा चौकोन. सहाच्या सहा वेगळे दिसले गं. पहिला जवळजवळ पाणीच, सहावा दौतीतल्या शाईसारखा. मी पट्टी छातीशी धरून रडले. डॉक्टरीणबाईंनी रडू नका म्हणून बजावलं होतं, ते तू त्यांना सांगू नकोस.

मग मला सुचलं ते ऐक. दर सोमवारचं उरलेलं पाणी आपण बाटलीत भरून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवतो ना, त्या राखीव बाटल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पोवळ्याच्या टाकीच्या आठ बाटल्या अजून असणार. मी साहेबांना फोन केला. म्हटलं, मला त्या पुन्हा तपासायच्या आहेत. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, 'अर्धं अर्धं पाणी तुम्ही न्या, अर्धं इथे कुलपात राहील.' काका सोमवारी घेऊन येतील.

आता कळलं का माझ्या मनात काय आहे ते? वहीत दुसरा लिहिलाय आणि बाटलीतही दुसराच निघाला, की झालं. सही खोटी होती, पण आकडे खरे होते, हे सिद्ध होईल. टाकी दुसऱ्याच कशाने तरी गेली. तू नीट वाचलंस, मी नीट लिहिलं. तुझंही नाव साफ आणि माझंही. मग तू घाबरून तो कागद लिहिलास, असं मी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. आईची शपथ.

तुझ्या परीक्षेच्या क्लासचं कसं चाललंय? त्या नादात जेवायला विसरू नकोस. घरी ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

ताई


१८ नोव्हेंबर

बाई गं,

तुला काय म्हणून हाक मारू ते सुचत नाही.

आठ बाटल्या तपासल्या. एकेकीला वीस मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. सप्टेंबरच्या पहिल्या दोन सोमवारी दुसरा निळा, वहीत आहे तसाच. मी मनात म्हटलं, शाबास बबडी. तिसरी बाटली तिसरा. मला वाटलं माझंच चुकलं, पुन्हा केली. तिसराच. चौथी, चौथा. पुढच्या चारही पाचवा. आणि वहीत माझ्या हाताने सरळ रेषेत खाली दुसरा, दुसरा, दुसरा, दुसरा.

मला तुझ्यावर संशय घ्यायचा नव्हता. आधी मी बाटल्यांवर घेतला. कोणी काचेच्या बाटलीत भरलं असेल, काचेचं सिलिकेट पाण्यात उतरलं असेल. तर त्या प्लास्टिकच्या. काचेत ठेवायचं नाही, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते तू अगदी पाळलंस. मग औषधांवर संशय घेतला, संच जुना आहे. म्हणून काकांकडून आरओचं पाणी मागवलं. त्यात रंगच आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मग तळ्यावरच्या नळाचं पाणी मागवलं.

पाचवा. हुबेहूब पोवळ्याच्या टाकीसारखा पाचवा.

काकांना विचारलं. ते टोपी काढून बघायला लागले, तिच्यात काही लिहिलंय जणू. शेवटी म्हणाले, 'बाई, माझं नाव घेऊ नका. पोवळ्याच्या टाकीत ओतायचं आरओचं पिंप भरायला चार तास लागतात. धाकट्या बाईंचा क्लास पाचला. त्या तळ्याच्या नळावर पिंप भरून घ्यायच्या, दहा मिनिटांत. मी एकदा म्हटलं, हे पाणी त्या टाकीला चालतं का? तर म्हणाल्या, ताईने तपासलंय, चालतं.'

ताईने तपासलंय!

त्या क्लासला तुला मी ढकललं होतं. तू तपासनीस व्हावीस, माझ्यानंतर त्या स्टुलावर तू बसावीस, म्हणून. मला सांगितलं असतंस की पिंप भरायला वेळ पुरत नाही, तर मी थांबले असते. मी रोज थांबले असते. मी घरी जाऊन करते काय? टीव्हीसमोर डुलक्या काढते.

मी आंधळी होत होते आणि तुझा हात धरून चालत होते. तू मला खड्ड्यात नेलंस आणि वर ओरडलीस की बघा, हिला दिसत नाही. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. मी पोवळ्यासमोर उभी राहून विचारत होते, पाणी चांगलं असून हे शेवाळ येतंय कुठून? तू शेजारी उभी होतीस. तू म्हणालीस, 'काय कळत नाही गं ताई.' तुझ्या पिंपाचं झाकण तरी तेव्हा सुकलं होतं का?

माझी आग होते आहे. भांडं घासताना हातातून आपटलं. शेजारच्या बाई विचारायला आल्या. त्यांना म्हटलं, डोळ्यांमुळे.

तरीही. तरीही तू माझी बहीण आहेस आणि आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होतीस, म्हणून एक संधी देते. या पत्रासोबत शेवटच्या बाटलीतलं पाणी पाठवतेय, प्लास्टिकच्या डबीत. औषधं तुझ्यासमोरच आहेत. स्वतः कर. पुरी वीस मिनिटं थांब. मग मला लिही, कितवा निळा. एक शब्द लिही. मला आता दिसतं, हे लक्षात ठेवून लिही. खरं लिहिलंस तर बैठकीच्या आधी आपण दोघी मिळून साहेबांकडे जाऊ. माझी चूक मी सांगेन, तुझी तू सांग. काय व्हायचं ते दोघींचं होईल.

ताई


२४ नोव्हेंबर

उत्तर मिळालं. तपासणीच्या चिठ्ठीच्या पाठीवर, सुंदर अक्षरात.

'दुसरा. आता पुरे कर.'

मी ती चिठ्ठी उन्हात धरून बघितली. वाटलं, आधी पाचवा लिहून खोडलंय का. नाही. एकटाकी लिहिलंयस.

मला दिसतं, हे माहीत असून लिहिलंस. म्हणजे तुला वाटलं, दृष्टी परत आली तरी ताई ती ताईच, आपण सांगू तेच ती लिहिणार. तुला असं वाटावं इतकी मी मूर्ख होते का? होते बहुतेक.

पुरे करते.


२८ नोव्हेंबर

बबडे,

तू समोर होतीस, तेव्हा सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते. तिथे मला तुझ्याशी बोलता आलं नाही.

साहेबांनी कुलपातली बाटली काढली आणि म्हणाले, इथेच करा. मी थेंब टाकले. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटची दहा मिनिटं मी तुझ्याकडे बघत होते आणि तू कुपीकडे बघत होतीस. पाणी निळं होत गेलं तसं मला वाटलं, आता ही काही बोलेल. मग साहेबांनी पट्टी माझ्या हातात न देता तुझ्या हातात दिली. 'तुम्ही वाचा.'

तू कुपी पट्टीवर धरलीस, जराशी उजेडाकडे वळवलीस, मी शिकवली तशी. आणि स्पष्ट म्हणालीस, 'पाचवा.'

एकदाही अडखळली नाहीस. त्याच बाटलीतलं पाणी. चार दिवसांपूर्वी मला दुसरा आणि साहेबांना पाचवा.

मी तुझी चिठ्ठी पर्समध्ये घेऊन आले होते. ती काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचली, वही उघडली, दोन्ही ओळी शेजारी शेजारी पाहिल्या, दोन्हीकडे 'दुसरा'. मग मला विचारलं, 'वाचणारा म्हणून सही तुमची. वाचत कोण होतं?' मी म्हटलं, 'मला दिसत नव्हतं. धाकटी सांगायची, मी लिहायचे. सह्या सगळ्या खोट्या.' ते म्हणाले, 'हे आधीच का नाही बोललात?' मी म्हटलं, 'बहीण आहे म्हणून.'

तुला विचारलं, खरं का? तू म्हणालीस, ताईला दिसत नाही हे मी आधीच लिहून दिलंय. तेवढ्यात दारातून खोकल्याचा आवाज आला. काका उभे होते, टोपी हातात घेऊन. 'साहेब, पिंप तळ्याच्या नळावर भरत होतं. मी पाहिलंय.' माझं नाव घेऊ नका म्हणणारा माणूस आपणहून आत आला. तू मान खाली घातलीस ती तेव्हा. माझ्यासमोर नाही, काकांसमोर.

निकाल तू ऐकलाच आहेस. खोट्या सहीबद्दल मी निवृत्तीपर्यंत तिकीट खिडकीवर. तू पुन्हा टाक्यांच्या काचा घासायला, परीक्षेचा अर्ज रद्द. टेबलाला कुलूप, नवीन माणूस येईपर्यंत पाणी बाहेर तपासायला जाणार. चार चौकोनी फरशांची ती जागा सव्वीस वर्षं माझी होती. निघताना स्टुलाखाली पाहिलं. पुठ्ठा घातला होतास.

खिडकीवर बसेन. मी केलं त्याची ती शिक्षा आहे, तिची तक्रार नाही. पण तुझं मला सहन होत नाही, आणि होईल असं वाटत नाही. खोली कुलूप लावून ठेवली आहे. सामान न्यायला काकांना पाठव. तू येऊ नकोस.

आणखी एक सांगायचं आहे.

बैठकीहून घरी आले आणि कपाटासमोर बसले. मनात म्हटलं, हिने मला आणखी काय काय खोटं सांगितलंय ते आता एकेक बघते. पडदे मोतिया म्हणालीस, पाहिले. चादर जांभळी म्हणालीस, पाहिली. सगळ्यात शेवटी तो स्वेटर काढला. गेल्या हिवाळ्यात आपण त्यावरून किती भांडलो होतो. मी म्हणायचे राखाडी, तू म्हणायचीस, 'अगं ताई, निळा आहे, इतका सुंदर निळा आहे, तुझ्यासाठी दहा दुकानं फिरले.' मी मनाशी धरूनच चालले होते की हाही राखाडीच निघणार. खिडकीत नेऊन उजेडात धरला.

निळाच आहे गं. अगदी चौथा.

ताई